मंदीची चाहूल कोणाच्या नोंदींत लागते?

रिझर्व्ह बँकेने ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पतधोरण जाहीर करताना जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत देशाचा विकासदर ७ टक्के राहील, असे सांगितले. ती तिमाही तोवर संपून नऊ दिवस झाले होते. उत्पादन आणि सेवा या दोन्ही क्षेत्रांचे तिन्ही महिन्यांचे खरेदी व्यवस्थापक निर्देशांक, म्हणजे पीएमआय, हाती आलेले होते. वस्तू व सेवा कराचे संकलन, मालवाहतुकीसाठी काढाव्या लागणाऱ्या ई-वे बिलांची संख्या, विजेचा वापर यांचेही आकडे उपलब्ध होते. २९ नोव्हेंबरला राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने त्या तिमाहीचा विकासदर जाहीर केला तो ५.४ टक्के. पुढे तो सुधारून ५.६ झाला, तरी अंदाज आणि वास्तव यांतले अंतर जवळजवळ दीड टक्क्याचे राहिले. भविष्य ओळखताना अशी चूक झाली असती तर ती समजण्याजोगी होती. इथे नुकत्याच सरलेल्या काळाचाच अंदाज हुकला होता, आणि तोही देशातील सर्वांत सुसज्ज सांख्यिकी यंत्रणेकडून.

अशी चूक झाली की दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. अर्थशास्त्रज्ञांना काही कळत नाही, पूर्वसूचक निर्देशक, म्हणजे अर्थव्यवस्थेच्या चढउताराची चाहूल आधीच देणारे आकडे, हा सगळा आकड्यांचा खेळ आहे, ही पहिली. आणि आकडे आणखी हवेत, आणखी वेगाने हवेत, ही दुसरी. माझ्या मते दोन्ही अपुऱ्या आहेत. पूर्वसूचक निर्देशक उपयोगी असतात, पण ते ज्यांच्या निर्णयांची नोंद करतात त्यांच्यापुरतेच. आपल्याकडे नोंद होते ती मुख्यतः संघटित क्षेत्राच्या निर्णयांची, आणि अर्थव्यवस्थेचा जो थर सर्वांत आधी हादरतो त्याचे निर्णय कोणी मोजत नाही.

या निर्देशकांची गरज मुळात विलंबामुळे निर्माण होते. तिमाही संपल्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी सकल देशांतर्गत उत्पादनाचा आकडा येतो. म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाजार थंडावला, तर त्याची अधिकृत नोंद ऑगस्टच्या अखेरीस वाचायला मिळते. त्यानंतर व्याजदर कमी केले, तरी त्याचा परिणाम कर्जांवर, गुंतवणुकीवर आणि अखेर रोजगारावर दिसायला आणखी काही तिमाह्या लागतात. अमेरिकेतही डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली मंदी ही मंदीच आहे, असे तेथील राष्ट्रीय आर्थिक संशोधन संस्थेच्या समितीने जाहीर केले ते १ डिसेंबर २००८ रोजी. मधल्या वर्षभरात लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली होती. धोरणकर्त्याने केवळ अधिकृत आकड्यांची वाट पाहायची ठरवली, तर त्याचा उपाय बहुधा तेव्हाच लागू पडतो जेव्हा नुकसान होऊन गेलेले असते.

या विलंबावर पद्धतशीर तोड शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेच्या त्याच आर्थिक संशोधन संस्थेत झाला. १९३७ मध्ये महामंदीतून सावरणारी अमेरिका पुन्हा घसरली, तेव्हा अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथाऊ यांना ही घसरण केव्हा थांबेल हे जाणून घ्यायचे होते. वेस्ली मिचेल आणि आर्थर बर्न्स यांनी शेकडो सांख्यिकी मालिका चाळून त्यांतील २१ सर्वांत भरवशाच्या म्हणून निवडल्या आणि १९३८ मध्ये ती यादी प्रसिद्ध केली. पुढे जेफ्री मूर यांनी मालिकांची तीन गटांत विभागणी केली: काही अर्थव्यवस्थेच्या पुढे चालतात, काही सोबत आणि काही मागून. १९६८ पासून अमेरिकेचे वाणिज्य खाते पुढे चालणाऱ्या मालिकांचा एकत्रित निर्देशांक दरमहा प्रसिद्ध करू लागले. १९९५ मध्ये ते काम कॉन्फरन्स बोर्ड या संस्थेकडे गेले. आज त्या निर्देशांकात दहा घटक आहेत. कारखान्यांतील आठवड्याचे सरासरी कामाचे तास, बेरोजगार भत्त्यासाठी येणारे नवे अर्ज, यंत्रसामग्रीच्या नव्या ऑर्डरी, घरबांधणीचे परवाने, शेअर बाजार, अल्पमुदतीच्या आणि दीर्घमुदतीच्या व्याजदरांतील फरक, ग्राहकांच्या अपेक्षा हे त्यांतील काही.

ही यादी लक्षपूर्वक वाचली, तर त्यामागचे तर्कशास्त्र उलगडते. यांतील बहुतेक घटक म्हणजे घेतले गेलेले, पण अजून फळाला न आलेले निर्णय आहेत. बांधकामाचा परवाना आज निघतो; सिमेंट, सळई, गवंडी, सुतार आणि पुढे फर्निचर यांवरचा खर्च त्यानंतर वर्ष-दोन वर्षे होत राहतो. यंत्राची ऑर्डर आज नोंदवली जाते, यंत्र बनते सहा महिन्यांनी. कामाचे तास आधी घटतात, कारण कोणताही मालक मागणी मंदावताच लगेच माणसे कमी करत नाही. तो आधी जादा काम थांबवतो. भोसरी, चाकण किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या कोणत्याही लघुउद्योजकाला हा क्रम पाठ असतो. मोठ्या कंपनीकडून येणारे महिन्याचे शेड्यूल कमी होते, मग ओव्हरटाइम बंद होतो, मग तिसरी पाळी जाते, त्यानंतर ठेकेदाराकडचे कामगार घरी बसतात, आणि कायम कामगारांपर्यंत झळ पोहोचते ती सर्वांत शेवटी. सरकारी रोजगाराच्या नोंदी बव्हंशी या शेवटच्या पायरीवर बदलतात. शेड्यूलमधली घट त्याआधी कित्येक आठवडे घडून गेलेली असते, आणि ती वहीत लिहिलेलीही असते.

भारतात आज सर्वाधिक चर्चा होते ती पीएमआयची. उत्पादन क्षेत्रातील सुमारे ४०० कंपन्यांना आणि सेवा क्षेत्रातील साधारण तितक्याच कंपन्यांना दरमहा विचारले जाते की नव्या ऑर्डरी, उत्पादन, रोजगार मागील महिन्याच्या तुलनेत वाढले, घटले की तेवढेच राहिले. वाढले म्हणणाऱ्यांची टक्केवारी आणि तेवढेच राहिले म्हणणाऱ्यांची निम्मी टक्केवारी मिळून निर्देशांक होतो. ५० च्या वर विस्तार, खाली आकुंचन. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे वेग. एप्रिल २०२० मध्ये सेवा क्षेत्राचा हा निर्देशांक ५.४ वर कोसळल्याचे मेच्या पहिल्या आठवड्यात कळले, तर त्या तिमाहीत सकल देशांतर्गत उत्पादन २३.९ टक्क्यांनी घटल्याचा पहिला अधिकृत अंदाज आला ३१ ऑगस्टला. अर्थात टाळेबंदीत सगळे ठप्प आहे हे कळायला कोणत्याही निर्देशांकाची गरज नव्हती. खरी कसोटी लागते ती हळूहळू येणाऱ्या उताराच्या वेळी, आणि तिथे या पद्धतीची मर्यादा उघडी पडते. ती बदल किती कंपन्यांत झाला ते सांगते, किती झाला ते सांगत नाही. विक्री एक टक्का वाढलेली कंपनी आणि दहा टक्के वाढलेली कंपनी तिच्या लेखी सारखीच. शिवाय मोठ्या कंपनीने लहान प्रतिस्पर्ध्याचा बाजार काबीज केला, तर पीएमआय सुधारतो, कारण बंद पडलेला लहान कारखाना त्या ४०० मध्ये बहुधा नव्हताच.

२०२४ च्या त्या तिमाहीत उत्पादन क्षेत्राचा पीएमआय जुलैत ५८.१ होता आणि सप्टेंबरमध्ये ५६.५. उतार होता, पण ५० च्या रेषेपासून दूर, म्हणून त्याची चिंता फारशी कोणाला वाटली नाही. त्याच वेळी दुसऱ्या नोंदी वेगळेच सांगत होत्या. आठ प्रमुख उद्योगांचा निर्देशांक ऑगस्टमध्ये १.८ टक्क्यांनी घसरल्याचे ३० सप्टेंबरलाच जाहीर झाले होते, म्हणजे पतधोरणाच्या आधी. वाहन विक्रेत्यांच्या महासंघाने सांगितले होते की वितरकांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल इतक्या प्रवासी गाड्या पडून आहेत आणि त्यांची किंमत सुमारे ७९,००० कोटी रुपये आहे. कारखान्यातून निघालेली गाडी वितरकाकडे गेली की कंपनीच्या दृष्टीने ती विकली गेलेली असते. ग्राहकाने ती नेली की नाही, हे परिवहन कार्यालयातील नोंदणीवरून कळते. या दोन आकड्यांतली दरी रुंदावत जाणे म्हणजे पुढच्या काही महिन्यांत उत्पादन कमी होणार हे जवळजवळ ठरलेलेच. असा संकेत समोर असूनही पावसाचे, निवडणुकीमुळे रखडलेल्या सरकारी खर्चाचे, पितृपक्षाचे कारण दिले गेले. ही कारणे खोटी नव्हती. धोका वेगळाच असतो: प्रत्येक घसरणीला स्वतंत्र कारण सापडत गेले, की त्यांची बेरीज करायची राहून जाते.

२०१९ मध्ये हेच अधिक लांबलचक रीतीने घडले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेने देणी थकवली आणि बिगरबँक वित्तीय कंपन्यांचा पतपुरवठा आटला. दुचाकी, ट्रॅक्टर, मालवाहू गाड्या यांची खरेदी मोठ्या प्रमाणावर याच कंपन्यांच्या कर्जावर चालते, त्यामुळे वाहनविक्री ढासळू लागली. तेव्हाही कारणे तयार होती: ट्रकांची भारवहन मर्यादा वाढवल्यामुळे नव्या ट्रकांची गरज घटली, विम्याचे नियम बदलले, नवे प्रदूषण निकष येणार म्हणून ग्राहक थांबले. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवासी वाहनांची देशांतर्गत विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत ३१ टक्क्यांहून अधिक घटली. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षाच्या फेब्रुवारीपासून रेपो दर, म्हणजे बँकांना दिलेल्या कर्जावरचा आपला व्याजदर, कमी करायला सुरुवात केली होती, हे तिच्या श्रेयाचे. पण २०१९-२० साठी तिचा विकासदराचा अंदाज एप्रिलमध्ये ७.२ टक्के, जूनमध्ये ७, ऑगस्टमध्ये ६.९, ऑक्टोबरमध्ये ६.१ आणि डिसेंबरमध्ये ५ असा पायरी पायरीने उतरत गेला. प्रत्यक्षात ते वर्ष सुमारे ४ टक्क्यांवर थांबले. पिंपरी-चिंचवड परिसरातील लहान कारखान्यांमध्ये वसंत ऋतूतच पाळ्या कमी होऊ लागल्या असतील, तर त्याची दखल घेणारी कोणतीही सार्वजनिक मालिका आपल्याकडे नव्हती. आजही नाही.

इथे एक रास्त आक्षेप येईल. पूर्वसूचक निर्देशक खोटा इशाराही देतात, मग त्यांवर एवढी भिस्त कशाला? अमेरिकेत जुलै २०२२ पासून दोन वर्षांच्या सरकारी रोख्यांवरील व्याज दहा वर्षांच्या रोख्यांपेक्षा जास्त झाले आणि ही उलटी स्थिती दोन वर्षांहून अधिक टिकली. यापूर्वीच्या मंद्यांआधी हा संकेत इतक्या नियमितपणे मिळाला होता की मंदी येणार याबद्दल अनेकांना शंका उरली नव्हती. कॉन्फरन्स बोर्डाचा निर्देशांकही २०२२ च्या सुरुवातीपासून दोन वर्षे घसरत राहिला. मंदी मात्र आली नाही, आणि २०२४ च्या आरंभी बोर्डाने आपला निर्देशांक आता मंदी सूचित करत नसल्याचे म्हटले. हे अपयश झाकण्यात अर्थ नाही. त्याचे कारण मात्र बोलके आहे. त्या निर्देशांकाचा कल कारखानदारीकडे झुकलेला, तर महासाथीनंतरचा अमेरिकी खर्च सेवांवर झाला. कुटुंबांकडे साथीच्या काळातली बचत होती, अनेकांची गृहकर्जे जुन्या कमी दरांना बांधलेली होती, आणि सरकारही सढळ हाताने खर्च करत होते. ज्यांचे निर्णय अर्थव्यवस्था चालवत होते त्यांना निर्देशांकात पुरेसे वजन नव्हते. आपल्या चुका वरच्या बाजूच्या असतात, त्यांची चूक खालच्या बाजूची झाली. मूळ दोष दोहोंकडे सारखाच आहे.

आपल्याकडे तो दोष किती मोठा आहे, हे पाहण्यासाठी एकच आकडा पुरेसा आहे. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीनुसार देशात शेतीबाहेरील अनोंदणीकृत लहान आस्थापनांची संख्या ७ कोटी ३४ लाख होती आणि त्यांत १२ कोटी लोक काम करत होते. टपऱ्या, पिठाच्या गिरण्या, शिवणकाम, यंत्रमाग, गॅरेज, घरगुती खानावळी यांचा हा पसारा. त्याचे निर्णय, म्हणजे कच्चा माल उधारीवर मिळेनासा होणे, एक माणूस कमी करणे, मुलाला गावी परत पाठवणे, हे पीएमआयमध्ये येत नाहीत, कर संकलनात जेमतेम दिसतात. यापुढची अडचण अधिक गंभीर आहे. तिमाही विकासदर मोजतानासुद्धा या क्षेत्राचे प्रत्यक्ष आकडे तेव्हा उपलब्ध नसतात, म्हणून संघटित क्षेत्राच्या आकड्यांवरून आडाखा बांधला जातो. म्हणजे अंदाज ज्याच्याशी ताडून पाहायचा, त्या मोजमापालाही तीच आंधळी बाजू आहे.

खालच्या थराचे निर्णय मोजता येत नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात त्याची उदाहरणे आहेत. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश प्रांतांत ज्या दुष्काळ संहिता तयार झाल्या, त्यांत अधिकाऱ्यांनी कोणत्या खुणांवर लक्ष ठेवायचे ते सांगितलेले होते: धान्याचे भाव चढणे, सावकारांनी पत आखडती घेणे, लोकांची नेहमीपेक्षा वेगळी भटकंती, चोऱ्यांत वाढ. शंका आली की चाचणीची कामे काढली जात. अत्यल्प मजुरीवर कष्टाच्या कामाला किती लोक येतात, यावरून टंचाईची खोली ठरवली जाई. या पद्धतीत क्रौर्य होते आणि सरकारचा खर्च वाचवण्याचा हेतूही उघड होता. तरीही सावकाराने हात आखडता घेणे ही खूण पूर्वसूचक म्हणून आजच्या कोणत्याही पतनिर्देशांकाइतकी अचूक होती, हे मान्य करावे लागते. पुढे १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवरची हजेरी मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाखांवर गेली, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. हजेरीपटावरच्या नावांची संख्या कोणत्या तालुक्यात वाढते आहे, हे ग्रामीण ओढाताणीचे मोजमाप आपल्याकडे दर आठवड्याला तयार होत होते. २००५ च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याखालील कामाच्या मागणीचे आकडेही अभ्यासक त्यासाठी पाहत आले. मात्र निधी नसला की मागणी नोंदवलीच जात नाही, मजुरी रखडली की लोक येणे सोडतात, आणि मग आकडा घटतो. कागदावर ती सुधारणा भासते. निर्देशकाला खर्चमर्यादेचे जोखड बांधले, की तो निर्देशक राहत नाही.

गेल्या काही काळात केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने चांगली पावले टाकली आहेत. एप्रिल २०२५ पासून श्रमबल पाहणीचे आकडे दरमहा येतात, औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक आता सहा आठवड्यांऐवजी चार आठवड्यांत जाहीर होतो, आणि अनोंदणीकृत आस्थापनांची तिमाही माहिती सुरू झाली आहे. पण हे सारे सोबत चालणारे किंवा मागून येणारे आकडे आहेत. ते आरसा स्वच्छ करतात. पुढचे वळण दाखवत नाहीत.

पुढचे दाखवणारी सामग्री राज्य सरकारांकडे आहे, आणि म्हणून माझा आग्रह महाराष्ट्राबद्दल आहे. राज्याची आर्थिक पाहणी वर्षातून एकदा, अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते. मधल्या बारा महिन्यांत राज्याच्या अर्थव्यवस्थेचा अंदाज घेण्याचे एकत्रित साधन नागरिकांसमोर नाही. दुसरीकडे, महापालिका आणि नगरपालिका बांधकाम परवानग्या देतात, महारेरा या गृहबांधणी क्षेत्राच्या नियामकाकडे नव्या प्रकल्पांची नोंदणी होते, महावितरणकडे नव्या औद्योगिक जोडण्यांचे आणि वाढीव भाराचे अर्ज येतात, परिवहन विभागाकडे ट्रॅक्टर आणि तीनचाकी मालवाहू रिक्षांची नोंद होते. कृषी आयुक्तालय खरीप आणि रब्बीच्या पेरण्यांचे साप्ताहिक आकडे गोळा करते. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तो तुटतो सोळा-अठरा महिन्यांनी. म्हणजे कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या एका मोठ्या अर्थचक्राचा निर्णय वर्षभर आधी शेतात उभा असतो. ऑक्टोबरच्या मध्यावर जायकवाडी किंवा उजनीत पाणी किती आहे आणि कालवा सल्लागार समिती रब्बीला किती आवर्तने देते, यावर मराठवाड्यातील आणि सोलापूर जिल्ह्यातील बाजारपेठांची पुढची सहा महिन्यांची उलाढाल बरीचशी ठरते. हे सर्व आकडे वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या नमुन्यांत पडून असतात.

अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने यांतून विभागनिहाय मासिक निर्देशांक तयार करणे हे अशक्य कोटीतले काम नाही. त्यात औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योगांची एक छोटी नियमित पाहणी जोडावी आणि तीनच प्रश्न विचारावेत: पुढच्या महिन्याचे शेड्यूल वाढले की घटले, ओव्हरटाइम चालू आहे का, आणि बिलाचे पैसे किती दिवसांनी मिळतात. तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मागणी मंदावली की मोठा खरेदीदार आधी लहान पुरवठादाराचे पैसे थकवतो, आणि हे थकणे कोणत्याही उत्पादन निर्देशांकाच्या आधी घडते. मुंबई-पुण्याचे वजन इतके मोठे आहे की राज्याची एकच सरासरी काढली, तर विदर्भातील कापसाची किंवा इचलकरंजीतील मागांची मंदी तिच्यात विरून जाईल. म्हणून विभागनिहाय आकडा हवा.

एक अट मात्र सुरुवातीपासून घालायला हवी. आर्थिक आकडे पुनःपुन्हा सुधारले जातात, आणि सुधारित आकड्यांवरून मागे वळून पाहिले, की प्रत्येक निर्देशांक दूरदर्शी भासतो. फ्रान्सिस डिबोल्ड आणि ग्लेन रुडबुश यांनी १९९१ मध्ये अमेरिकेच्या पूर्वसूचक निर्देशांकाची तपासणी त्या त्या वेळी खरोखर उपलब्ध असलेल्या आकड्यांवर केली, तेव्हा त्याची भाकितक्षमता बरीच कमी भरली. त्यामुळे महाराष्ट्राचा निर्देशांक ज्या दिवशी, ज्या रूपात पहिल्यांदा जाहीर होईल, त्या रूपातला आकडा कायम उपलब्ध राहिला पाहिजे. नंतरच्या सुधारणा त्याच्या शेजारी लिहाव्यात, त्याच्या जागी नाही. संचालनालयाने दरवर्षी मार्चमध्ये आर्थिक पाहणीसोबत आदल्या बारा महिन्यांत आपला निर्देशांक कुठे बरोबर ठरला आणि कुठे हुकला, याचा तक्ता विधिमंडळासमोर ठेवावा, आणि हुकलेल्या प्रत्येक महिन्यासमोर कोणत्या विभागातील, कोणत्या व्यवसायातील नोंद अपुरी पडली हेही लिहावे.